न धुतलेल्या इंजिनाचा हिवाळा

धुरपतामावशीचं नाव आधी घेते, मग गाडीचं. मोंढा नाक्याच्या मागच्या एका गल्लीत तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर. आत खिळ्यांना टांगलेले काळे रबरी पाइप, गॅस्केटच्या चकत्या, ऑइल सीलचे पत्र्याचे डबे, आणि या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर पाय वर घेऊन बसलेली मावशी. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाला हे जमायचं नाही. मावशीनं विकलं नाही. उलट नवऱ्याच्या काळात न मिळणारे पाइपही ती ठेवायला लागली. शेजारी इलियासभाईचं गॅरेज. दोघांत भिंत एकच आणि भांडणही एकच: त्याच्या हातोड्यानं तिच्या देवाची तसबीर वाकडी होते. गाडीला हात त्यानं लावला, पण मी या शहरात टिकले ती या बाईमुळे.

यंदा थंडी पडली आणि मला तो हिवाळा आठवला. पहाटे काचेवर दव होतं. किल्ली फिरवली आणि सवयीनं कान दिला. थंड इंजिन आधी जरा कुरकुरतं, मग लयीत येतं. ती लय कानाला लागेपर्यंत मी पहिला गिअर टाकत नाही. हर्सूलच्या तलावावर धुकं होतं. पुढं सिल्लोडच्या रस्त्याला कापसानं उंच भरलेले ट्रक लागले. ते घासून जातात आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांवर कापूस राहतो. इथं बाभळीलाच कापूस पिकतो की काय, असं पहिल्या वर्षी मला वाटलं होतं.

हसू नका. मी गोंदियाच्या बाजूची. आमच्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तलाव, आणि थंडीसुद्धा ओली. इथली थंडी कोरडी. ओठ फाटतात, टाचा फाटतात, आणि रबरही फाटतं. रबराचं मला मावशीनं सांगितलं. बाकीचं माझं मला कळलं.

शाळा मी आठवीत सोडली. आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, इतकी साधी गोष्ट. भावानं ट्रॅक्टर शिकवला. लग्न होऊन इथं आले, नवरा वाळूजला कंपनीत. मला घरात बसून करमेना. इथल्या पुष्कळ शिक्षिका शहरात राहतात आणि खेड्यात शिकवतात. त्याला सगळे ‘अपडाऊन’ म्हणतात. अशा पाचजणींना गाडीवर बाईच हवी होती. मी उभी राहिले. आठवीत शाळेतून निघालेली मी आता रोज पहिल्या घंटेच्या आधी शाळेच्या दारात असते, आणि मी वेळेत असले तरच बाई वेळेत असतात. याचं मला अजून गालात हसू येतं.

गाडी सिल्लोडच्या एका कापूसवाल्याकडून घेतलेली. डिझेलची, टर्बोवाली, माझ्या हाती येईपर्यंत पुष्कळ काही पाहिलेली. टर्बो म्हणजे काय, तर गाडी चढाला धावते, एवढंच मला माहीत होतं. सावंगीपर्यंत ती खरंच धावायची. चौक्याचा घाट मात्र आला की दम सोडायची. तो घाट म्हणजे काही मोठा घाट नव्हे; तालुक्याचे लोक त्याला हिशेबात धरत नाहीत. मी धरायचे. पाय पार खाली दाबला तरी गाडी ढिम्म. मागचे कापसाचे ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढं जायचे. मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागायचा, गाडी बंद करून चालू केली की जायचा. आणि दुपारी शाळेच्या आवारात उभी केली की खाली तेलाचे थेंब.

पाचजणींच्या पुढारी पठाडेमॅडम. बोलायला गोड, पण घड्याळाला पक्क्या. दुसऱ्यांदा परिपाठ चुकला तेव्हा उतरताना म्हणाल्या, “ताई, राग मानू नको हं. तू चांगली चालवतीस. पण आम्हाला हजेरी असते गं. असंच राहिलं तर दुसरी गाडी बघावी लागेल.”

मी हसून ‘हो मॅडम’ म्हटलं आणि दिवसभर आवारातल्या निंबाखाली बसून एकच हिशेब करत राहिले. ही पाच माणसं गेली की गाडी उभी, आणि गाडी उभी की मी परत चार भिंतींत. मग नवऱ्याचं म्हणणं, सासरच्यांचं म्हणणं, आणि शेवटी ‘गावाकडे जाऊन ये काही दिवस’. त्या काही दिवसांचे किती होतात ते मी इतर बायकांचं पाहिलं होतं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं मशीन जोडलं, पडदा पाहिला आणि सांगितलं, “टर्बो गेला.” बॉनेट उघडून आत हातसुद्धा घातला नाही. टर्बो गेला म्हणजे माझ्यापुरती गाडीच गेली. कुणीतरी इलियासभाईचं नाव सांगितलं म्हणून तिकडं गेले.

आता माझी एक सवय सांगते. गॅरेजला जायच्या आधी मी इंजिन धुवायचे. फडक्यानं, ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं, अगदी भांडी घासावीत तसं. आमच्या घरी वैद्य यायचा असला की आई अंथरुणातून सांगायची, आधी अंगण झाड, उष्टी भांडी उचल, परका माणूस येतोय. तेच माझ्या अंगात. आपल्या दारचा पसारा परक्याला दिसू नये. गाडी माझी, तिच्यातलं तेल-चिखल पाहून मिस्त्री काय म्हणेल? बाई गाडी चालवते आणि ठेवते कशी बघा!

इलियासभाईनं बॉनेट वर केलं आणि कपाळावर हात मारला. “ओ ताई, ये इंजिन है का जेवणाचं ताट? तेल किधर से निकलता, मैं किसकू पूछूं?”

भिंतीपलीकडून आवाज आला, “काय झालं रं?”

“मावशी, देखो तो. चमकाके लाये.”

मावशी स्टुलावरून उतरून आली. चष्मा कपाळावरून खाली घेतला, इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अगं बाई, डॉक्टरकडं जाताना खोकला घरी ठिवून जाती का तू?”

इलियासभाई हसला. मी ओशाळले. मावशी हसली नाही. “कुडली तू?”

“गोंदियाची.”

“लई लांब. म्हून घाबरतीस. इथं कोण नावं ठिवायलंय तुला? शनिवारपर्यंत आत फडकं घालायचं नाय. तेलाची पट्टी काढून बघ रोज, कमी झालं तर खुणेपर्यंत भर, बस. मळू दे. मळली तरच सांगंल ती.”

“पण ते टर्बो गेला म्हणालेत…”

“कुणी? मशीननं? मशीन सांगतंय पोरगं जेवत नाय. का जेवत नाय, ते त्याला काय ठावं?”

तो आठवडा मला जड गेला. रस्त्याचं काम निघालेलं, धूळ नुसती उडत होती. रोज संध्याकाळी बॉनेट उघडायचे, पट्टी बघायचे, आणि हात शिवशिवायचे. एकदा तर फडकं भिजवून आणलं आणि नळाखाली पिळून परत दोरीवर टाकलं. नवरा म्हणाला, “काय चाललंय तुझं?” म्हटलं, “काही नाही, मळायची वाट बघते.” त्यानं पुढं विचारलं नाही. बिचारा.

पण हळूहळू इंजिनावर चित्र उमटायला लागलं. जिथं कोरडं होतं तिथं धूळ नुसती टेकलेली, फुंकलं की उडणारी. जिथं तेल होतं तिथं ती चिकटून लोण्यासारखी घट्ट झालेली. खालचं सगळं अंग काळं होतं, वरती मात्र काळ्याची वाट निमुळती होत मागच्या कोपऱ्यात जात होती. मी रोज ती वाट पाहायचे. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी मला काहीतरी सांगते आहे आणि मी इतके दिवस तिचं तोंड पुसून टाकत होते.

आईचा फोन रविवारी यायचा. “कशी आहेस वो बाई?” आणि मी लगेच, “मस्त आहे, सगळं छान आहे.” गाडी छान, शेजारी छान, पाणी छान. त्या रविवारी सकाळी गॅरेजला निघता निघता मात्र, का कुणास ठाऊक, म्हणून गेले, “आई, गाडी घाटात चढत नाही आणि मला झोप लागत नाही.” आई म्हणाली, “आता बोललीस. मले वाटेच, एवढं छान कोणाचंच नसते.” तिच्या आवाजात काळजी होती, पण सुटल्यासारखंही काहीतरी होतं. दूर राहणाऱ्या माणसानं सगळं छान सांगितलं की घरच्यांना हात कुठं लावावा तेच कळत नाही.

पण त्याच्या आदल्या दिवशीचं राहिलं. शनिवारी अर्धी शाळा. परतताना घाट उतरत होते आणि ब्रेक दगडासारखा लागला. गाडी थांबली नाही असं नाही, पण पाय रोवून दाबावा लागला. मागं पाचजणी हळदीकुंकवाच्या गप्पांत. मी गिअर उतरवत उतरवत गाडी खाली आणली. कुणाला कळलं नाही. त्यांना सोडलं आणि सरळ मावशीकडे गेले.

ब्रेकचं ऐकताच मावशीचा चेहरा बदलला. चेष्टा संपली. “मग बाया बसवू नको. आत्ता फोन कर त्यांला. खरं सांग.”

“दुसरी गाडी लावतील मावशी.”

“लावू दे. पाच घरच्या लेकीबाळी हायत त्या. फोन लाव, मी बसली इथं.”

मी तिच्यासमोरच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, “सांगितलंस ते बरं केलंस. सोमवारी आम्ही दुसऱ्या गाडीनं जातो. मंगळवारी तू दारात असलीस तर तू. नाहीतर मग तीच गाडी महिन्याला ठरवून टाकतो, रोज रोज कुठं शोधत बसू?” म्हणजे माझ्याकडे रविवार आणि सोमवार होते.

फोन ठेवला तर मावशी बॉनेटमध्ये वाकलेली. “बघ, तेल खाली दिसतंय म्हून खालून निघत नसतं. पाण्यावानी वरून येतंय, वाऱ्यानं मागं सरकतंय. ही वाट कुडं जायली? मागं, वर. आता धू. तेवढंच धू. वाळू दे. आन् मग पावडर टाक.”

“कसली पावडर?”

“तोंडाला लावतीस ती!”

रविवारी सकाळी गॅरेजसमोर मी माझ्या डब्यातली पावडर त्या कोपऱ्यावर शिंपडली. सगळ्या गल्लीत मोगऱ्याचा वास. इलियासभाई म्हणाला, “लो, दुल्हन तयार. अब ससुराल किधर?” मावशी आतून ओरडली, “चौक्याला! आन् वर गेल्यावर गाडी बंद करायची नाय, सांगून ठिवते. चालूच ठिवून बघायचं. लुगडं-ओढणी पंख्यापासून लांब!” इलियासभाई माझ्या शेजारी बसला. ब्रेकची भीती होती म्हणून रिकाम्या रस्त्यानं, हळू, खालच्या गिअरमध्येच जायचं ठरलं.

घाटाच्या मध्यावर गाडीनं दम सोडला. मी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला, इंजिन चालू ठेवलं आणि बॉनेट उचललं. गरम तेलाचा आणि मोगऱ्याचा मिळून एक विचित्र वास आला. पांढऱ्या पावडरीत एक तपकिरी रेघ होती. स्वच्छ, बारीक, ओली. इंजिनाच्या वरच्या टोकाला एक छोटा पंप असतो, हवा ओढून घेणारा. मिस्त्री त्याला वॅकम पंप म्हणतात. त्याच्या सांध्यातून ती रेघ निघाली होती आणि खाली एका रबरी नळीवर उतरत होती.

आणि ती नळी! बाकीच्या सगळ्या नळ्या गोल होत्या. ही चपटी. उन्हात वाळलेल्या वालाच्या शेंगेसारखी, आतली बाजू आतल्या बाजूला चिकटलेली.

“इलियासभाई, ही बघा. ही अशीच असते का?”

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “अब बंद करो.”

इंजिन बंद केलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती नळी हळूहळू फुगली, गोल झाली, अगदी साळसूद. “गॅरेज में आती तो बंद आती,” इलियासभाई म्हणाला, “और बंद में ये शरीफ बन जाती. ताई, तुमने पकडा.”

तुमने पकडा. हे दोन शब्द मी आजही कधीकधी गाडी चालवताना मनात म्हणून बघते.

गल्लीत परत आल्यावर नळी काढली तेव्हा सगळं उलगडलं. ती मूळची नळीच नव्हती. कापसाच्या गोदामात उभ्या गाडीची नळी उंदरानं कुरतडली असणार, आणि कुणीतरी तेवढा तुकडा काढून सायकलची ट्यूब तारेनं बांधून दिलेली. सायकलच्या ट्यूबवर या भागात काय काय चालतं ते मी पाहिलं आहे: पंप, फवारा, खाटेची नवार. काम निघतं. इथंही निघालं असतं, पण वरून तेल ठिबकत होतं आणि तेलानं ती ट्यूब मऊ पडत गेली. मावशीनं ती बोटांत दाबून दाखवली. “उसाचा रस पिताना नळी चपटी झाली तर रस येतो का वर? नाय ना. तसंच हे. पंप ओढायलाय, पण ओढ पुढं जाईना. त्या ओढीवरच टर्बोचा दांडा हलतो आन् त्याच ओढीवर तुझा ब्रेक हलका होतो. गार असताना ट्यूब कडक, तवर ठीक. गरम झाली की पडली.”

“म्हणजे टर्बो…”

“टर्बोला खाऊच घालत नव्हतं कुणी, तो काय करील?”

तरी मला चैन पडेना. खात्री हवी होती. सोमवारी इलियासभाईनं टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला आणि माझं बोट आत घालायला लावलं. बारीक पाती, मधे दांडा. “हलाव. आजू-बाजू जरासा चलता. आगे-पीछे?” नाही, पुढे-मागे हलत नव्हता. पात्यांची टोकं कुठं घासलेली नव्हती. म्हणजे टर्बो शाबूत होता. पाइपात तेलाचा हात फिरवल्यासारखा पातळ ओलावा होता. मी दचकले, तर तो म्हणाला, “इतना तो हर गाडी में रहता. घबराने का नक्को.” पंपाचं नवं गॅस्केट बसवलं. मावशीनं खिळ्यावरून जाड भिंतीची, तेल सोसणारी नळी काढली, मापून कापली, दोन्ही टोकांना क्लिप अडकवून तयार ठेवली.

मग तिनं देवापुढची उदबत्ती उचलून आणली. इंजिन थंड होतं, पंखा फिरत नव्हता, वारा पडलेला. आधी तिनं मुद्दाम जुनी ट्यूब पुन्हा लावायला सांगितली. इंजिन चालू झालं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. तारेच्या गाठीजवळ नेला तसा तो मान वळवून आत शिरला. “इथून बी चोरून पीत होती,” मावशी म्हणाली. मग नवी नळी लावली. उदबत्ती नळीभर फिरवली, सांध्यावर फिरवली. धूर कुठंही वळला नाही. “डिझेलची हाय म्हून हे चालतं बरं का. पेट्रोलच्या गाडीजवळ असला शहाणपणा करशील तर बघ.” आणि उदबत्ती नेऊन तिनं तसबिरीसमोर परत खोचली, जाता जाता तसबीरही सरळ केली.

मंगळवारी मी पठाडेमॅडमच्या दारात त्यांच्या आधी उभी होते. त्यांनी फक्त विचारलं, “झाली?” मी म्हटलं, “झाली मॅडम. ब्रेकसुद्धा.” पाचही जणी बसल्या. हर्सूल गेलं, सावंगी गेली. घाट लागला. पाय दाबला. एक बारीकशी शीळ ऐकू आली, दूरवर कुणी घालावी तशी, आणि गाडीनं मागून ढकलल्यासारखा चढ घेतला. कापसाचा ट्रक मागं पडला. दुसरा पडला. मागच्या सीटवर मेथीच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालावं की तूरडाळ, यावर वाद चालला होता. घाट कधी संपला ते एकीलाही कळलं नाही.

मला वाटलं होतं की वर पोहोचल्यावर रडू येईल. आलं नाही. कुणाला कळलं नाही, याचाच मला इतका आनंद झाला की मी त्या वादात तोंड घातलं. म्हटलं, “आमच्याकडे दोन्ही घालत नाहीत.” पाचही जणी एकदम, “मग काय घालता गं?” शाळेपर्यंत तेच पुरलं. आवारात शिरलो तेव्हा मुलं रांगेत उभी राहत होती, परिपाठ अजून सुरू व्हायचा होता. मॅडम उतरताना म्हणाल्या, “त्या दुसऱ्या गाडीवाल्याला नाही म्हणून सांगते.” एवढंच.

त्याला आता काही हिवाळे झाले. गाडी तीच आहे, बायकांमधल्या दोघींच्या बदल्या होऊन दुसऱ्या दोघी आल्या. मी इंजिन अजून धुते, पण आधी बघून घेते. अपडाऊनवाले दुसरे ड्रायव्हर मला अडवून विचारतात, ताई, जरा ऐका ना, ही सूं करतीय. मी नळीचा एक तुकडा कानाला लावते आणि दुसरं टोक सांध्यांवरून फिरवते. जिथून आवाज येतो तिथं बोट ठेवते. चुकत नाही असं नाही, पण आता चुकायची भीती वाटत नाही. चूक असली तर पावडर सांगते, उदबत्ती सांगते, धूळ सांगते. आठवीनंतर मी शिकले नाही असं लोक समजतात. मीही समजत होते.

मावशीला मी त्या कामाचं काही देऊ केलं की ती नळी आणि गॅस्केटची किंमत सांगायची आणि बाकीच्याला हात झटकायची. “ते शिकवल्याचं? येडी का काय.” साडी नेली तर म्हणाली, कपाट भरलंय. काय द्यावं या बाईला, याचा मी पुष्कळ विचार केला.

गेल्या महिन्यात दुकानात बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. मावशी बोलता बोलता म्हणाली की तिचं माहेर सोयगावच्या पुढं, धाकटी बहीण आणि म्हातारा भाऊ तिथंच असतात. नवरा गेल्यापासून ती तिथं राहायला म्हणून गेली नाही. मयतीला गेली तर त्याच दिवशी परत. “शटर कोण उघडंल गं? एक दिवस बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडं वळतंय.” मग तिनं विषय बदलला आणि इलियासभाईला हातोडा हळू मार म्हणून ओरडली.

माहेर लांब असणं म्हणजे काय ते मला कळतं. माझं दूर आहे म्हणून लांब. तिचं जवळ असून लांब.

तेव्हापासून रविवारी मी मावशीच्या दुकानात बसते. ती म्हणते, टाइमपास करायलीस. मी सीलची मापं पाठ करते आहे, कोणत्या गाडीला कोणती नळी ते खिळ्याखिळ्यानं लावून घेते आहे. अजून पुष्कळ राहिलं आहे. पण एका उन्हाळी सुट्टीत, शाळा बंद असतील आणि माझी गाडी रिकामी असेल तेव्हा, मी मावशीला पुढच्या सीटवर बसवीन, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट उतरून तिच्या भावाच्या दारात सोडीन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं शटर मी उघडीन. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी, पण उघडीन नक्की. माझी एकच अट राहील. परत यायची घाई तिनं करायची नाही.